सगळीकडे चढलेली रेघ

"हिनंच माझ्या भावाला अ‍ॅटॅक आणला! दिवसरात्र डोकं खाते त्याचं!" वॉर्डाबाहेर नणंदेनं तोंडाचा पट्टा सोडला होता. येणारेजाणारे थांबून बघत होते. भावजय दात आवळून उभी होती.

तेवढ्यात डॉक्टर ईसीजीचा कागद घेऊन बाहेर आले. "अ‍ॅटॅकमध्ये रेघ ठरावीक भागातच वर चढते. यांची जवळपास सगळीकडे चढलीय. हृदयाच्या आवरणाला सूज आहे, बरे होतील. बहुधा सर्दीतापाचा संसर्ग. घरात कुणी आजारी होतं?"

नणंद छताकडे बघू लागली.

"सांगा ना, वन्सं," भावजय म्हणाली. "तापानं फणफणत आमच्याकडे येऊन कोण पडलं होतं? भावाला उशाशी कुणी बसवून ठेवलं होतं? मघासारखंच सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."