नववा ठोका

रविवारी सकाळी गुणाजी घाडी बाल्कनीत कोलंबी सोलत बसले होते. साडेसहा फुटांचा माणूस, सत्तरीतही वजन सव्वाशे किलो. एका प्लॅस्टिकच्या खुर्चीचे पाय त्यांच्याखाली फाकायचे, म्हणून त्यांच्या मुलीने, सुलक्षणाने, दोन खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. विक्रोळीतल्या कारखान्याच्या संघातून ते तीनदा बॉक्सिंगच्या सुपर हेवी गटाचे राष्ट्रीय विजेते झाले होते. त्या बोटांमध्ये कोलंबी दिसतसुद्धा नव्हती, पण पाठीतला काळा धागा मात्र न तुटता निघत होता.

"सुला, तू म्होरच्या रांगेत होतंस गो," ते मान वर न करता म्हणाले. "मी कितव्या आकड्यार उठलंय, सांग."

छत्तीस वर्षांत हा प्रश्न किती वेळा आला ते तिने मोजलं नव्हतं. चौथ्या विजेतेपदाच्या फायनलमध्ये बाबा एका गुडघ्यावर आले आणि रेफरी आकडे मोजू लागला; दहाच्या आत उठलं नाही तर हार. नवाला मी उभा होतो, असं बाबा म्हणत. रेफरीने दहा म्हणून हात हलवले, लढत संपवली, आणि बाबांनी त्यालाच ठोसा मारला. रेफरी लहान चणीचा होता. त्याचे दोन दात मॅटवर पडले. बाबांवर आजन्म बंदी आली. सुलक्षणा तेव्हा दहा वर्षांची होती. तिला अजून ते दात दिसायचे.

"मी लहान होते, बाबा. आठवत नाही."

"तुका तिसापर्यंत पाढे पाठ होते. आणि दहा आठवत नाय?"

"आठवलं तर काय ठोसा परत घेता येणार आहे?"

गुणाजींचे हात थांबले. "ठोसो मीच मारलंय. ता मी कधी नाकारलंय नाय. मी इचारतंय ता येगळा."

तिने सोललेल्या कोलंबीचं भांडं उचललं. "आमटीत कोकमं किती घालू?"

"नऊ," ते म्हणाले आणि एकटेच हसले.

तिने चार घातली.

सोमवारी सकाळी ते उठले नाहीत.

तेरावं झाल्यावर बॉक्सिंग मंडळाने मुलुंडच्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. ज्या मंडळाने त्यांना इतकी वर्षं स्पर्धेच्या दारात उभं केलं नव्हतं, त्याच मंडळाने मोठा हार आणला होता. फोटो मात्र लहान होता.

"चहा झाला की निघू या, ताई," धाकटा भाऊ हर्षद कानाशी पुटपुटला. "लफडं नको."

सेक्रेटरी मधुकर चोणकर कागदावरून वाचत होते. आता ऐंशीला टेकलेले. त्या फायनलला घड्याळ घेऊन तेच बसले होते, टेबलावर ठोकून सेकंद तेच देत होते, आणि त्या ठोक्यांवर रेफरी आकडे मोजत होता. "कारकीर्द वादग्रस्त असली," त्यांनी वाचलं, "तरी गुणाजी माणूस मोठा."

"मोठा म्हणजे? दारातून आडवा शिरायचा!" मागून कोणीतरी म्हणालं. जुने बॉक्सर हसले. सुलक्षणाही हसली.

मग सगळे उभे राहिले. बॉक्सर गेला की त्याच्यासाठी रिंगची घंटा दहा वेळा वाजवतात, सावकाश, दहा आकडे मोजावेत तशी. चोणकरांनी लहानशी हातोडी उचलली आणि टेबलावरच्या पितळी घंटेवर पहिला ठोका दिला.

सुलक्षणाने डोळे मिटले. तिसऱ्या ठोक्याला बाबांचा गुडघा मॅटवर होता. पाचव्याला त्यांनी रांगेत बसलेल्या तिच्याकडे पाहिलं होतं. सातव्याला ग्लव्ह मॅटवरून उचलला. आठव्याला ती स्वतः खुर्चीवर उभी राहून ओरडत होती.

नववा ठोका पडला आणि ती टेबलाजवळ पोचली. तिने घंटेवर तळहात ठेवला. पितळेची थरथर तिच्या हाताखाली विझली.

चोणकरांची हातोडी वरच राहिली. "एक राहिला, बाळ. दहा असतात."

"माहीत आहे."

"ताई, काय करतेस यार? ये ना इकडे," हर्षद म्हणाला.

तिने हात काढला नाही.

"त्या दिवशी मी पुढच्या रांगेत होते," ती म्हणाली. "त्यांनी ठोसा मारला तो मी पाहिला. मला त्याची लाज वाटली. ते विचारत राहिले आणि मी लाजेपोटी गप्प बसले. पण ठोशाच्या आधीचंही मी पाहिलंय."

"झालं गेलं ते," चोणकर म्हणाले. "आज ते कशाला? दहावा होऊ दे, बाळ. त्यांना शांती मिळू दे."

"दहावा तुम्ही तेव्हाच दिलाय."

हातोडी हळूहळू खाली आली, घंटेपासून दूर, टेबलाच्या कडेवर. सुलक्षणा हाराआडच्या त्या लहान फोटोकडे वळली.

"नवाला, बाबा," ती म्हणाली. "नवाला तुम्ही उभे होतात."