रफूगाराची रेघ

"बाबा, या कागदाला कोणी हात लावला?"

घरात माणसं दोनच, तेव्हा प्रश्नाला तसा काही अर्थ नव्हता. खिडकीपाशी बसलेल्या रफूगाराने पेन्सिल मांडीखाली सरकवली.

"प्रिंटरची शाई संपली होती ना? पुढची रेघच गायब. म्हटलं, जोडून टाकावी."

लेकीने कपाळावर हात मारून घेतला. दुपारी हा आलेख तिला विद्यापीठातल्या विभागात दाखवायचा होता. रेघ उजवीकडून यायची, डोंगरासारखी चढायची आणि माथा गाठला की कडा तुटल्यासारखी खाली. पुढे नुसतं सपाट. त्या सपाट जागेसाठीच तर तिने तीन वर्षं घासली होती.

"शाई नाही संपली, बाबा. हा आकाशातल्या फार फार लांबच्या एका दिव्याचा उजेड आहे. तो निघाला तेव्हा विश्व अगदी तान्हं होतं, सगळीकडे हायड्रोजनचं धुकं. पहिले तारे पेटले, त्यांच्या उजेडाने ते विरत गेलं. धुक्याने या दिव्याचा किती उजेड गिळला, त्यावरून किती धुकं उरलं होतं ते कळतं. आणि तुम्ही नेमकी तीच गिळलेली सपाट जागा..."

बोलता बोलता ती थांबली. पेन्सिलीने डोंगराची पडलेली बाजू पुन्हा उभी केली होती. बारीक, एकसंध रेघ. शेवटाला जराशी थरथर, बस्स.

सात महिन्यांपूर्वी उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून या माणसाने सुई धरली नव्हती. दुकानाला कुलूप होतं. डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू त्याने शेजारच्या कुत्र्याला देऊन टाकला होता.

"कोणत्या हाताने काढलीत?"

चोरी पकडली गेल्यासारखा त्याने उजवा हात वर केला.

"आणि किती चढवायची, कुठे उतरवायची, हे कसं कळलं?"

"उरलेल्या बाजूवरून. भोकात काय होतं ते भोक नाही सांगत, बाई. शेजारचं कापड सांगतं."

तिने लॅपटॉप उघडला. धुकं नसतं तर हा उजेड कसा दिसला असता, ते तीही उरलेल्या बाजूवरूनच काढत असे, फक्त कॉम्प्युटरकडून. दोन्ही रेघा तिने शेजारी धरल्या. जवळजवळ सारख्याच होत्या.

बाप वाकून बघत राहिला. "तुझी इथे जरा ढिली पडलीय."

ती हसायला गेली आणि तिला रडूच फुटलं.

"कागद खराब केला ना मी?"

"दुसरा छापते. हा मला ठेवायचाय."

रफूगाराने उजवी मूठ मिटली, उघडली, परत मिटली. मग घसा साफ करून म्हणाला, "असे फाटके अजून आहेत तुझ्याकडे?"

"सतरा आहेत."

"रोज एकच ठेवत जा. घाईचं काम मी घेत नाही."