एक जून

बहात्तरच्या दुष्काळात सुकडी मिळते म्हणून गावातली पोरं शाळेत यायला लागली. आठ वर्षांच्या घोड्याला पुढं करून आया म्हणायच्या, "कवा झालं ध्यानात न्हाई बाई, काय बी लिव्हा." भामाबाईंनी सगळ्यांना सहा वर्षांचं करून पहिलीत बसवलं आणि एकजात जन्मतारीख लावली, एक जून.

पुढं लातूर जिल्हा झाला, मग दोन-चार वर्षांत त्यातली चौघं नव्या कचेऱ्यांत चिकटली आणि परवा एकतीस मेला चौघंही एकदमच रिटायर झाली. चारही निरोप समारंभांत म्हाताऱ्या बाईंना मानाची खुर्ची, शाल, नारळ. व्यंकटराव तर माईकवरच म्हणाला, "बाईच्या उपकारानं दोन वर्षं नोकरी जास्ती झाली." बाईंनी पदरानं डोळे पुसले.

चारही नारळ पिशवीत घेऊन बाईंचा मुलगा मिलिंद शेजारी बसला होता. तोही त्याच वयाचा, व्यंकटरावच्याच कचेरीतला, पण दोन वर्षांपूर्वीच रिटायर होऊन घरी बसलेला. आईला रिक्षात बसवताना तो म्हणाला,


"आई, माझीच तेवढी जन्मतारीख तुझ्या ध्यानात होती."