थ्रॉटलच्या आधी

इंदिरानगरातल्या मयुरेशच्या दुकानात रिमोटवर उडणारी लढाऊ विमानं मिळत. त्या दुपारी शोकेसमधल्या मिगचं सुकाणू आपसूक हललं. डावीकडे, उजवीकडे. मग शेपटाच्या पट्ट्या वर, खाली. उडवण्याआधी सगळे हौशी हीच तपासणी करतात आणि मगच थ्रॉटल देतात, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवून विमान हवेत सोडतात.

"आपल्याच नंबरचा क्रिस्टल कुणीतरी जवळपास लावलाय," तो बायकोला, सईला म्हणाला. मैदानावरही ही चूक व्हायची. दोघांचे क्रिस्टल, म्हणजे रेडिओची लहर ठरवणारे खडे, एकाच नंबरचे निघाले की एकाचं विमान दुसऱ्याचं ऐकायचं.

त्यानं मिगमधला क्रिस्टल काढला. तरी सुकाणू हललं. बॅटरी काढली, तरी तेच. शेवटी वैतागून त्यानं रिमोटचे इशारे पकडणारा आतला रिसीव्हरच उपटून खिशात टाकला. विमान गप्प झालं. पण त्याच्या जिवाला काही स्वस्थता येईना. समोरचा चहा निवून गेला.

"अहो, मान अशी काय करताय?" सईनं विचारलं.

"कशी?"

"आधी डावीकडे वळवलीत, मग उजवीकडे. आता वर काय बघताय?"

त्यानं बघितलं नव्हतं. त्यानं काहीच केलं नव्हतं. त्याची हनुवटी सावकाश खाली आली आणि छातीला टेकली.

"सई," तो म्हणाला, "मला घट्ट धरून ठेव."