सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही

पुन्हा तोच लाल पट्टा आला. "सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही."

"अजून तेच," लेक फोनवर म्हणाली.

पलीकडे ईमेल पाठवणाऱ्या प्लगिनच्या कंपनीतला माणूस होता. "पासवर्ड तर बरोबर आहे. ताई, दुकानाची वेबसाइट चालते कुठून तुमची?"

"दुकानातल्याच कॉम्प्युटरवरून. बाबांचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता."

वडील घड्याळं दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकं त्यांना उस्ताद म्हणायची. त्यांचं ईमेल सगळ्यांना जायचं : घड्याळ पाण्यात नेऊ नका, चावी ताणून पिळू नका. आता लेकीला त्याच लोकांना कळवायचं होतं, की उस्ताद ऑपरेशनमधून उठलेच नाहीत, आपापली घड्याळं घेऊन जा. रोज कुणीतरी फोन करून विचारायचं, उस्ताद कधी येणार? उत्तर आईच द्यायची. तिला हे परत परत सांगावं लागू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट.

"राहू दे ना आज," आई म्हणाली. वडिलांच्या स्टुलावर बसून ती मघापासून एकच भिंग पुसत होती.

"उद्याही फोन तूच घेणार ना?"

"घेईन की. मी कुठे कुरकुर केली?"

लेकीने खालचा बारीक मजकूर फोनवर वाचून दाखवला. तो माणूस हसला. "आमचं सुरक्षेचं सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही म्हणतंय. अहो, ते नुकतंच नवीन झालंय, आणि तुमचं मशीन मागच्या महिन्यात बसलंय. तारीख बघा."

तारीख ऑपरेशनच्या आदल्या दिवसाची होती.

"घड्याळवाल्याकडेच वेळ चुकली म्हणायची," तो म्हणाला. "आतला सेल गेला असेल. वेळ इंटरनेटवरून आपोआप लागत नाही का?"

"बाबा हातानेच लावायचे."

"मग आता तुम्ही लावा."

रांगेत एक ईमेल थांबलेलं दिसत होतं. मघाचं आपलंच अडकलंय, असं लेकीला वाटलं. तिने आजची तारीख घातली. पट्टा हिरवा झाला. तिने आभार मानून फोन ठेवला.

ईमेल भराभर जाऊ लागली. तिचा मजकूर मात्र मसुद्यातच होता. तिने गेलेलं ईमेल उघडलं. वडिलांनी ते आधीच लिहून, पुढची तारीख लावून ठेवलं होतं : "ऑपरेशन झकास झालं. घरच्यांनी बसवून ठेवलं होतं, पण सोमवारपासून मी दुकानात आहे. या."

"आई, तुला हे माहीत होतं?"

"माझ्यासमोरच लिहिलं त्यांनी." आईने भिंग खाली ठेवलं. "ते जाऊ द्यायचं नव्हतं, आणि पुसवतही नव्हतं. रोज सकाळी झाडलोट झाली की मीच कॉम्प्युटरची तारीख मागे नेत होते."

फोन वाजला. लेकीने हात पुढे केला, पण आईने आधी उचलला.

"हो, आलं ना ईमेल?" तिचा आवाज मोकळा होता. "बरे आहेत आता. सोमवारी या."