कर्नल ब्रॅडनचा ठावठिकाणा

सुकदेवभाऊंनी कुंकवात बोट बुडवलं, उंबरठ्यावर ओढलं आणि वडिलांचं नाव घेतलं. मग आईचं. मग थोरल्या भावाचं, पितांबरचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सकाळी खानदेशात घरोघरी हेच चाललेलं असतं. पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर खरबूज आणि सांजोऱ्या, आणि गेलेल्या एकेका माणसाच्या नावाने उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट. पुढचं बोट काकांचं होतं. ते ओढताना सुकदेवभाऊंच्या तोंडून निघालं, "किरण."

घागरीजवळ बसलेल्या भिकुबाईंच्या हातातली सांजोरी हातातच राहिली. किरण त्यांचा मुलगा. चांगला धडधाकट, फौजेत, सीमेवर.

"जित्ता पोऱ्यानं नाव लिधं तुम्ही? पितरसमा?"

"तोंडमाईन निंघी गयं वं…"

"पुसा! पयले पुसा ते!"

सुकदेवभाऊंनी पंच्याने पुसलं, तर कुंकू आणखीच पसरलं. शेवटी भिकुबाईंनी ओलं फडकं आणून उंबरठा असा घासला की किरणच्या नावाबरोबर आई, वडील, पितांबर, सगळेच धुऊन निघाले. सुकदेवभाऊंना पुन्हा पहिल्यापासून बसावं लागलं. या वेळी भिकुबाई समोर उभ्या राहिल्या, परीक्षेच्या वर्गातल्या मास्तरासारख्या, नजर त्यांच्या ओठांवर.

"त्या पुस्तकनी तुमनं डोकं फिराई टाकं," सगळं आटोपल्यावर त्या म्हणाल्या.

त्यात खोटं काही नव्हतं. धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सुकदेवभाऊ पिंप्राळ्यात राहायला आले ते जाडजूड अनुवादित कादंबऱ्यांची ट्रंक घेऊनच. पाणबुड्या, क्षेपणास्त्रं, अंधारात बघणारे चष्मे. चहाच्या टपरीवर मित्र त्यांना 'जनरलसाहेब' म्हणून चिडवत आणि ते खूशही होत. भिकुबाई मात्र या सगळ्याला 'लोखंडाच्या गोष्टी' म्हणत आणि ट्रंकेवर पापड वाळत घालत.

पण किरणचा फोन आला, "थोडे दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका," आणि त्या घटकेपासून दोघांच्या जिवाला घोर लागला. तेव्हापासून सुकदेवभाऊ मजेसाठी वाचत नव्हते. पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ठिकाण आणि वेळ छापलेली असते. कादंबरीचा नायक कर्नल ब्रॅडन बर्फात गाडला गेला तरी आकाशातला उपग्रह त्याला शोधतो. मुख्यालयातला कोणी अधिकारी पडद्यावर बोट ठेवतो आणि सांगतो, हा बघा, इथे आहे. ते वाक्य आलं की सुकदेवभाऊंच्या छातीवरचं ओझं थोडं उतरे. पान उलटलं की पुन्हा चढे.

पूजा झाली, घागर भरली, पण घरात कोणाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सुकदेवभाऊ फाटकापर्यंत जाऊन आले. मोबाइल उघडला, मिटला, पुन्हा उघडला. टीव्ही लावला, तर तिथे सीमेवरच्या बातम्यांची लाल अक्षरं धावत होती. भिकुबाईंनी रिमोट हिसकावून घेतला आणि डाळीच्या डब्यात टाकला. शेजारच्या निंबाला झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. एरवी भिकुबाई त्यांच्यात सर्वांत आधी गेल्या असत्या. आज त्यांनी खिडकी लावून घेतली.

सुकदेवभाऊ खाटेवर बसले आणि पुस्तक उघडलं. वाचत होते की नुसतं धरून होते, देव जाणे. सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. भिकुबाई उभ्या होत्या.

"कोठे शे तो?"

सुकदेवभाऊंचा हात मोबाइलकडे गेला. "माले काय ठावुक? फोन उना का?"

"त्याना नही. तुमना कर्नल कोठे शे?"

त्यांना आधी ती थट्टा वाटली. पण बायकोचा चेहरा थट्टेचा नव्हता. त्यांनी प्रकरणाचा मथळा वाचून दाखवला. "'खिंडीची उत्तर बाजू. पहाटे सव्वाचार.'"

"त्याना लोकस्ले ठावुक शे?"

"हां. वरतून दिखस त्यास्ले."

भिकुबाई खाटेच्या पायाशी बसल्या. एवढ्या वर्षांत त्या या पुस्तकांच्या इतक्या जवळ कधी बसल्या नव्हत्या. "वाचा मंग. जोरमा वाचा."

सुकदेवभाऊ वाचू लागले. रायफलीची दुर्बीण, तिचा पल्ला, हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज, लेझरचा लाल ठिपका. भिकुबाईंना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी त्या मान हलवत होत्या. गोळीबार सुरू होणार एवढ्यात त्यांनी हात वर केला.

"त्यानी काही खादं का?"

सुकदेवभाऊंनी पान उलटलं. आणखी एक उलटलं. मागे जाऊन पाहिलं. क्षेपणास्त्राचं वजन होतं, त्याच्या इंधनाचं नाव होतं, खिंडीतल्या वाऱ्याचा वेगसुद्धा होता. पण एवढ्या जाड पुस्तकात आतापर्यंत कोणी एक घास खाल्ल्याचं लिहिलेलं नव्हतं. इतकी पुस्तकं वाचली, पण हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

भिकुबाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

सुकदेवभाऊंनी चष्मा नीट बसवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं.

"'कर्नल ब्रॅडनने गरम खिचडी खाल्ली,'" ते सावकाश वाचू लागले. "'दोनदा वाढून घेतली. वरून कच्चं तेल घेतलं. पापडही होता.'"