मडक्याच्या जागी

नदीतले पट्टेरी मासे परदेशी पाठवायला बंदी आली आणि म्हाताऱ्या मासेमाराचं जाळं खुंटीला लागलं. आता त्याची लेक घरातच, काचेच्या टाकीत त्यांची पैदास करायला धडपडत होती. पण तिच्याकडची एकुलती एक जोडी काही केल्या दाद देईना. त्यात आज अंड्यांसाठी ठेवलेलं मडकंही फुटलं. खापरं काढायला म्हाताऱ्याने पाण्यात हात घातला आणि तो तसाच उभा राहिला. भिंतीवर हिरवा उजेड संथ डुलत होता.

"बाबा, हात काढा की! दुसरं मडकं आणलंय."

"हळू बोल गं," तो झोपेतल्यासारखा पुटपुटला. "तळव्यावर अंडी घालतेय ती."

मासा लागला की जन्मभर आपसूक मिटत आलेली ती मूठ, दिवे लागले तरी उघडीच होती.